संगणकाची किल्ली कोणाच्या खिशात?

आमचे शाळेतले शिक्षण आठवीत थांबले. पुढचे सारे कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा संगणकासारख्या विषयावर आम्ही बोलावे याचे कोणाला नवल वाटले, तर त्यात गैर काही नाही. पण या विषयाकडे आम्हांला विद्वत्तेने नेले नाही, अडचणीने नेले. आमच्या युनियनच्या कचेरीत सभासदांच्या वर्गणीचा हिशेब विकत घेतलेल्या एका प्रोग्राममध्ये ठेवला जात असे. एका वर्षी त्याचे शुल्क भरण्यास उशीर झाला आणि ऐन वार्षिक सभेच्या आठवड्यात हिशेब उघडेना. सभासद आमचे, आकडे आमचे, संगणकही आमचा. किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात! कामगार चळवळीत उभे आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न जुनाच आहे: हत्याराचा मालक कोण?

प्रोग्राम लिहिणारा माणूस तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. या मूळ लिखाणास सोर्स कोड म्हणतात. पुढे त्याचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर होते. पुष्कळ कंपन्या गिऱ्हाइकाला हे रूपांतर तेवढे देतात, मूळ लिखाण देत नाहीत. लेथ मशीन बिघडले तर फिटर झाकण काढून आतले गिअर पाहू शकतो. येथे झाकणच निघत नाही. आणि यंत्र व इतर सर्व प्रोग्राम यांच्यामध्ये जी व्यवस्था उभी असते, ती कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम. तीच बंद असली, की वरचे सारे तिच्या मर्जीवर.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन प्रोग्रामर होते. १९८० च्या सुमारास तेथे झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकत असे. जुन्या प्रिंटरच्या बाबतीत स्टॉलमन यांनी अशी सोय केली होती, की कागद अडकताच ज्यांचे काम खोळंबले त्यांना निरोप जावा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या गृहस्थाजवळ तो होता, त्याने गुप्ततेचा करार केला असल्याने नकार दिला. कागद अडकल्याचे दुःख लहान. पण सोबत्याला मदत न करण्याचे वचन लिहून द्यावे लागते, ही गोष्ट त्यांना लागली.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जाहीर केले, की संपूर्ण मुक्त अशी कार्यप्रणाली आपण उभारणार. तिचे नाव ग्नू. संस्थेने पुढे मालकी सांगू नये म्हणून जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. नमुना म्हणून त्यांनी युनिक्स ही प्रणाली निवडली. युनिक्स अनेक लहान भागांची बनलेली होती. त्यामुळे एकेक भाग नव्याने लिहिता येई, आणि निरनिराळ्या माणसांना कामे वाटून देता येत. इमॅक्स हा लेखन-संपादक झाला. १९८७ मध्ये जीसीसी हा रूपांतर करणारा प्रोग्राम आला. १९८९ मध्ये बॅश आला.

येथे एका शब्दाचा घोळ काढला पाहिजे. इंग्रजी ‘फ्री’ शब्दाचे दोन अर्थ होतात. मराठीत ते वेगळे आहेत: मुक्त आणि फुकट. येथे मुक्त एवढेच अभिप्रेत आहे. स्टॉलमन स्वतः इमॅक्सची टेप १५० डॉलरला विकत. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार हक्क येतात: हव्या त्या कामासाठी ते चालवणे, ते आतून अभ्यासून बदलणे, त्याच्या प्रती इतरांना देणे, आणि आपली सुधारलेली प्रतही देणे.

पण हक्क मिळवणे एक आणि टिकवणे दुसरे. उद्या एखाद्या कंपनीने हेच लिखाण घेऊन, चार ओळी वाढवून, पुन्हा कुलूप लावले तर? म्हणून १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. घ्या, बदला, विका. पण पुढच्यास देताना हेच हक्क आणि सोर्स कोडही द्या, अशी त्यात अट आहे. संघटनेच्या लढ्यातून मिळालेली सवलत पुढे नव्याने भरती होणाऱ्यालाही लागू राहावी, तसेच हे.

एक भाग मात्र राहिला होता: गाभा, म्हणजे कर्नल. हर्ड नावाच्या गाभ्याचे काम १९९० मध्ये सुरू झाले, पण ते रेंगाळले. इतक्यात ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक गाभा लिहीत असल्याचे कळवले. तोच लिनक्स. १९९२ मध्ये त्याने तो जीपीएलखाली आणला आणि ग्नूच्या भागांशी जुळून प्रणाली पुरी झाली. नोव्हेंबर २०१७ च्या यादीत तर जगातील पहिले ५०० महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर चालत होते.

मग लढाई संपली काय? नाही. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे, तरी त्यातील कितीतरी भाग बंद असतात. वायफायसारखे पुष्कळ सुटे भाग बंद फर्मवेअरवाचून चालतच नाहीत. ट्रिस्क्वेलसारख्या प्रणाली असे तुकडे अजिबात ठेवत नाहीत. मग काही यंत्रांवर वायफाय चालत नाही. डेबियन संघटनेच्या सभासदांनी २०२२ मध्ये मतदान करून, नड भागावी म्हणून, ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेऊ दिले.

यात कोण बरोबर? आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर बसलेली माणसे आहोत. तडजोड करावी लागते हे आम्हांस ठाऊक आहे. पण तडजोडीला विजय म्हणू नये, हेही ठाऊक आहे. जे सोडले ते कागदावर सोडले म्हणून लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी मागता येते.

आमच्या कचेरीतील जुन्या संगणकावर आता डेबियन चालते. वर्गणीचा हिशेब कोणाला न विचारता उघडतो. वायफायचा तुकडा तेवढा अजून बंद जातीचा आहे. कचेरीच्या नोंदवहीत आम्ही तसे लिहून ठेवले आहे: ही मागणी बाकी.