घरच्या घरी पिल्लं, पण पूर्ण तयारीनिशी

गावाकडे अंडी उबवायला एक खुडूक कोंबडी, पेंढ्याची टोपली आणि अंधारा कोपरा एवढं पुरतं. बाकी सारं कोंबडीच पाहते. पण दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये मुलांच्या हट्टाखातर उबवणी यंत्र आणलं, की कोंबडीची ही कामं २१ दिवस घरच्यांनाच करावी लागतात.

पहिली फसगत अंड्यांतच होते. दुकानातली अंडी ज्या पिंजऱ्यांतून येतात, तिथे कोंबडा नसतो. अशा अंड्यांना कितीही ऊब दिली तरी पिल्लू निघत नाही. म्हणून जिथे कळपात कोंबडा आहे, अशाच ठिकाणाहून अंडी घ्यावीत. ती आठवड्याहून जुनी किंवा तडकलेली नसावीत.

दिल्लीचा उन्हाळा टाळा

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस हवं. साधं यंत्र गरम करू शकतं, गार करू शकत नाही. मे-जूनमध्ये खोलीच ४० अंशांवर गेली, तर आतली अंडी वाचणं कठीण. शिवाय 'लू'च्या कोरड्या हवेत ओलावा टिकत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्च हा काळ बरा. वीज थोडा वेळ गेली तर घाबरू नये, झाकण बंदच ठेवावं. थोडा गारवा अंडी सोसतात, जादा उष्णता नाही.

रोजची कामं

पहिले १८ दिवस आर्द्रता सुमारे ५० टक्के राहील इतकं पाणी यंत्रातल्या भांड्यात ठेवावं. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत, नाहीतर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, की चुकत नाही. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडं धरावं. लाल शिरांचं जाळं दिसलं तर आत जीव आहे. अगदी स्वच्छ दिसणारं अंडं काढून टाकावं, ते सडून फुटू शकतं.

अठराव्या दिवसानंतर फिरवणं थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी. कवचाला पहिली चीर पडली की सर्वांना उघडून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. झाकण उघडताच ओलावा निसटतो, पापुद्रा सुकतो आणि पिल्लू आतच अडकतं. चीर पडल्यावर बाहेर यायला पूर्ण दिवसही लागू शकतो. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज राहतं, म्हणून अंग सुकेपर्यंत त्याला आतच राहू द्यावं.

पुढे काय?

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यावी. पिल्लं हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुणं आवश्यकच. जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लूमुळे दिल्लीचा गाजीपूरचा कोंबडीबाजार बंद ठेवावा लागला होता. म्हणून आजारी कळपातली अंडी घरात आणू नयेत.

निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे असतात. काही महिन्यांत ते पहाटे आरवू लागतात आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. पिल्लं मोठी झाल्यावर कुठे राहतील, हे यंत्र सुरू करण्यापूर्वीच ठरवावं. याचं उत्तर नसेल, तर अंडी आणूच नयेत. मुलांना जीव कसा जन्मतो हे दाखवताना, जन्मलेल्या जीवाची जबाबदारी कशी घ्यायची हेही घरातच दिसायला हवं.