पाकिटाची कबड्डी

सकाळी 6.30
मालवणात कॉलेजच्या कबड्डी संघाचा सराव. आमचा उजवा कोपरारक्षक रापण ओढून थेट मैदानावर आलाय. तळहातांवर दोराचे वळ तसेच. पण त्याने घोटा धरला की चढाईपटूला मध्यरेषा गाठणं कठीण.

सकाळी 8.00
सराव आटोपताच तो जवळ येतो. "सर, आज रातीक कणकवलीच्या बाजूक सामनो आसा. रोख गावतले." परवा विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे. पूर्वी असा पेच नसायचा. वाडीचं मंडळ, वाडीचीच पोरं. जिंकलं तर ढाल आणि पाठीवर थाप. आता एका रात्रीसाठी जिल्ह्याबाहेरून खेळाडू येतात आणि वाडीची पोरं टाळ्या वाजवत बसतात.

सकाळी 11.00
स्टाफरूममध्ये संघाचे अर्ज भरतोय. पैशाला नुसती नावं ठेवणं मला पटत नाही. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा लिलावातली सर्वात मोठी बोली होती 12 लाख 80 हजारांची, राकेश कुमारवर. 2023 मध्ये पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाखांवर मोल मिळालं. कबड्डीवर पोट भरता येतं, हे घराघरांत कळलं ते त्यामुळेच. मॅट आली, बूट आले.

दुपारी 2.00
पोराच्या घरी. आई म्हणते, "सर, होडयेच्या इंजिनाचा कर्ज आसा. चार पैसे गावतत तर आडवू नकात." मी आडवत नाही. एवढंच सांगतो की सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाला मंडळाचं पाकीट चालत नाही, अधिकृत स्पर्धेतली कामगिरीच लागते. दुखापत झाली तर दोन्ही जातील. शेवटी ठरतं: आज खेळायचं, पण मी सोबत जाणार.

रात्री 9.30
प्रकाशझोत, मोबाईलवर थेट प्रक्षेपण. माईकवरून घोषणा होते, "या चढाईत पकड केल्यास पाचशे रुपये रोख!" आणि खेळ तिथेच बदलतो. हातात हात घालून उभी असलेली साखळी सुटते. पाचशेसाठी एकटाच झेपावतो, चढाईपटू त्याला झटकून दोन गुण घेऊन परततो. रोज शिकवतो ती साखळी अशी एका घोषणेने तुटताना पाहिली की जीव तुटतो.

रात्री 11.45
सामना संपल्यावर आयोजकांशी बोलतो. बक्षीस जरूर द्या, पण संघाला द्या. सातांत निदान तीन पोरं गावची खेळवा. मैदानाशेजारी रुग्णवाहिका ठेवा. रुग्णवाहिकेला ते लगेच हो म्हणतात; बाकीचं बैठकीत मांडू म्हणतात. त्या बैठकीला मी जाणार आहे. गावाने वर्गणी काढून भरवलेल्या स्पर्धेत गावच्याच पोराला जागा नसेल, तर ती स्पर्धा गावची कशी?