खोलींतला चेहरा

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक-प्रयोगशाळेंत कॉफीचें एक भांडें होतें. निरनिराळ्या मजल्यांवरील संशोधकांनीं जिने उतरून तेथवर यावें आणि भांडें रिकामें आढळावें, हा नित्याचा अनुभव. १९९१ सालीं त्यांनीं भांड्यासमोर कॅमेरा बसविला. भांड्याचें ताजें चित्र ज्याच्या त्याच्या टेबलावरील पडद्यावर दिसूं लागलें. १९९३ मध्यें तें इंटरनेटवर सर्वांस खुलें झालें, आणि दूरदूरच्या देशांतील मंडळी परक्यांची कॉफी निवांतपणें न्याहाळूं लागली. शेजारच्या घरांत डोकावण्याची हौस जुनीच. तिला नवी खिडकी मिळाली. इंटरनेटवरील बोलत्या रोजनिशीचा उगम शोधीत गेलें तर या भांड्याशीं येऊन थांबावें लागतें.

१९९६ सालीं अमेरिकेंत जेनिफर रिंगली या कॉलेजांतील विद्यार्थिनीनें तीच खिडकी आपल्या खोलीला बसविली व २००३ च्या अखेरीपर्यंत उघडी ठेविली. मात्र आरंभींच्या त्या स्थिर चित्रांना वाचा नव्हती. याचें कारण तारेंत होतें. टेलिफोनच्या तारेवरून येणारें इंटरनेट फार झालें तर सेकंदाला ५६ हजार बिट वाहून आणी. तीन मेगाबाइटांची इवलीशी फिल्म उतरवून घ्यावयास सात मिनिटें बसून राहावें लागे. म्हणूनच १९९५ ची ‘द स्पॉट’ ही आरंभींची वेब-मालिका मुख्यतः शब्द आणि छायाचित्रें यांवर चालली. कॅलिफोर्नियांतील समुद्रकांठच्या एका घरांत राहणारे कांहीं तरुण-तरुणी रोजनिशी लिहीत. वाचक त्यांस पत्रें धाडीत, सल्ले देत. रोजनिशी लिहिणारें त्यांतलें एकहि माणूस खरें नव्हतें.

२ जानेवारी २००० रोजीं अ‍ॅडम कॉन्ट्रास या अमेरिकन तरुणानें आपल्या लेखी रोजनिशीस छोटी फिल्म जोडली. व्हिडिओ ब्लॉगचा जन्म कित्येक जण येथूनच मोजतात. अर्थात् ‘पहिला कोण’ हा मान कधींच निर्वेध राहत नाहीं. जलद इंटरनेट घरोघरीं पोंचूं लागल्यावर ऑक्टोबर २००४ मध्यें न्यूयॉर्कहून ‘रॉकेटबूम’ सुरू झालें. अमांडा काँगडन सुमारें तीन मिनिटांचें वार्तापत्र मोठ्या मिस्किलपणें सादर करी. भांडवल काय, तर घरगुती कॅमेरा, एक लॅपटॉप, दोन दिवे आणि एक नकाशा! पण अशा सर्वांपुढें एक अडचण होती. प्रेक्षक वाढले कीं फिल्म पाठविण्याचा खर्चहि निर्मात्याच्या माथीं वाढे. लोकप्रियता म्हणजे दंडच. २००५ मध्यें निघालेल्या यूट्यूबनें हा भार स्वतःकडे घेतला. त्या वर्षीं २३ एप्रिल रोजीं तेथें चढलेली पहिली फिल्म अवघ्या १९ सेकंदांची: संस्थापकांपैकीं जावेद करीम हत्तींपुढें उभे राहून त्यांच्या सोंडांविषयीं दोन शब्द बोलतात.

खरी कसोटी २००६ सालीं लागली. जूनपासून ‘लोनलीगर्ल१५’ या नांवानें ब्री ही सोळा वर्षांची मुलगी आपल्या खोलींतून बोलूं लागली. कडक धर्मनिष्ठ आईबाप, एकलेपण, एक मित्र. हजारों प्रेक्षकांनीं तिला आपलें मानलें. मग कांहीं चिकित्सक जणांना शंका आली: या मुलीची फिल्म इतकी नेटकी कशी? सप्टेंबरांत उलगडा झाला. ब्री म्हणजे जेसिका रोझ ही नटी, आणि बोलणें दुसऱ्यांनीं लिहिलेलें. कित्येकांस फसविल्यासारखें वाटलें. तरी मालिका बंद पडली नाहीं, ती २००८ पर्यंत चालली. रंगभूमीवरील नटाला कोणी खोटारडा म्हणत नाहीं, कारण पडदा वर जातांना हें नाटक असल्याचें सर्वांस ठाऊक असतें. येथें तो पडदाच नव्हता.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें इंग्लंडांतील पीटर ओकली या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या विधुर गृहस्थांनीं कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या आयुष्याच्या आठवणी सांगावयास आरंभ केला. पहिल्या फिल्मचें नांवहि ‘पहिला प्रयत्न’ अशाच अर्थाचें. नातवंडांच्या वयाचे प्रेक्षक त्यांचें बोलणें मन लावून ऐकत. २०१४ मध्यें, मृत्यूच्या कांहीं आठवडे आधीं, त्यांनीं शेवटची फिल्म चढविली आणि तींत या न पाहिलेल्या मंडळींचा निरोप घेतला.