नाताळबाबा, कौले आणि विजेच्या माळा

मार्गशीर्ष सरत आला, गोदाकाठी थंडी उतरली, निफाडकडच्या बागांत पहाटेचे दव द्राक्षाच्या घडांवर साचू लागले आणि शरणपूर, नाशिकरोड, देवळाली या भागांतील वळचणींना कागदी तारे लोंबू लागले, म्हणजे नाताळ जवळ आला असे नाशिककर समजतो. परंतु अलीकडे या तयारीत एका नव्या कल्पनेने शिरकाव केला आहे. ती अशी की, नाताळबाबा ऊर्फ सांताक्लॉज हा रेनडिअरांच्या गाडीतून घराच्या छपरावर उतरतो आणि धुराड्यातून आत येतो, सबब त्याच्या स्वागताची सारी सिद्धता छपरावरच झाली पाहिजे. चित्रपटांनी आणि दुकानांच्या दर्शनी काचांनी पसरविलेली ही कल्पना ख्रिस्ती कुटुंबांइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, घरात लहान मुले असलेल्या इतर कुटुंबांनी उचलून धरली आहे. आणि परिणाम असा की, ज्या छपरावर एरवी पावसाळ्याच्या तोंडी शाकारणी करणारा कारागीरच काय तो चढे, त्यावर डिसेंबरातील दवाच्या रात्री घरचा कर्ता पुरुष एका हातात माळ आणि दुसऱ्या हातात मोबाइलचा दिवा घेऊन चढलेला दिसतो. या कल्पनेत तथ्य किती, आणि चढणे अपरिहार्यच असेल तर खबरदारी कोणती, याचा खुलासा करण्याचे येथे योजिले आहे.

छपराचा आणि नाताळचा संबंध ख्रिस्ती धर्मग्रंथातच सांगितलेला आहे, असा पुष्कळांचा समज असतो. ख्रिस्तजन्माची हकीकत मत्तय आणि लूक या दोघांच्या शुभवर्तमानांत आहे. तीत गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष आहेत (ते तीनच होते, असे मत्तयाने कोठेही म्हटलेले नाही), आणि त्यांना वाट दाखविणारा तारा आहे. छपरावर उतरणारा मात्र कोणी नाही. ज्यांच्यापासून नाताळबाबाची परंपरा निघाली ते संत निकोलस हे चौथ्या शतकातील, आजच्या तुर्कस्तानात मोडणाऱ्या मायरा नगरीचे बिशप. एका निर्धन गृहस्थाच्या तीन मुलींची लग्ने व्हावीत म्हणून त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या त्याच्या घरात टाकल्या, ही त्यांची मशहूर आख्यायिका. पण तिच्या जुन्या रूपात त्या थैल्या खिडकीतून पडतात, धुराडे मागाहून आले. त्यांच्या अस्थी १०८७ साली इटलीतील बारी येथे नेण्यात आल्या आणि त्यांचा स्मरणदिन ६ डिसेंबर हा आहे, २५ नव्हे. हॉलंडात त्यांना घोड्यावर बसवून छपरांवरून फिरविण्याचा रिवाज पडला. आणि आज आपण ज्याला नाताळबाबा म्हणतो त्याची घसरगाडी, आठ रेनडिअर, छपरावरचा खुरांचा आवाज आणि धुराड्यातील उडी हा सगळा सरंजाम २३ डिसेंबर १८२३ रोजी अमेरिकेतील ट्रॉय गावच्या वृत्तपत्रात निनावी छापल्या गेलेल्या एका कवितेने जगभर पोहोचविला. ती कविता पुढे क्लेमेंट क्लार्क मूर यांच्या नावावर नोंदली गेली. नववा, लाल नाकाचा रेनडिअर तर १९३९ साली एका अमेरिकन दुकानाच्या जाहिरातीसाठी जन्माला आला. तेव्हा छप्पर हे कवीचे स्थळ आहे, शास्त्राचे नव्हे.

नाताळबाबाला तांबडा अंगरखा एका शीतपेयाच्या कंपनीने चढविला, हा आणखी एक समज सुशिक्षितांत विशेष प्रिय आहे, कारण तो सांगताना सांगणाऱ्यास आपण फसलो नाही असे वाटते. वस्तुतः थॉमस नास्ट या चित्रकाराने १८६३ पासून ‘हार्पर्स वीकली’त त्याची चित्रे काढली, आणि १८८१ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चित्रात दाढी, ढेरी आणि हातभर खेळणी हे रूप पुरते ठरून गेले होते; कोका-कोलासाठी हॅडन सुंडब्लोम यांनी चित्रे काढली ती १९३१ पासून. त्यांनी ते रूप घरोघर नेले, निर्माण केले नाही.

आता नाशिकची गोष्ट. नाताळ हा येथे सिनेमाबरोबर आलेला पाहुणा आहे असे मानणाऱ्यांनी शरणपूरचा इतिहास एकवार पाहावा. चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे नाशकात १८३२ मध्ये स्थापन झाले, आणि १८५० च्या दशकात रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर ख्रिस्ती लोकांची वसाहत उभी केली, तीच शरणपूर. म्हणजे नास्टने नाताळबाबा रेखाटण्यापूर्वीच या मातीत नाताळ रुजला होता. या वसाहतीत अरबी समुद्रातील गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना आश्रय आणि हुन्नरी शिक्षण मिळे. त्यांपैकी काही मुले १८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या अखेरच्या सफरीसाठी निवडली; आणि त्याच संस्थेत शिकलेला जेकब वेनराइट पुढे त्या प्रवाशाच्या मृतदेहासोबत इंग्लंडपर्यंत गेला व १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीस उपस्थित होता. नाशकातील ख्रिस्ती समाजाचा हा वारसा शहराच्या पुस्तकांत दोन ओळींत आटोपला जातो, याचे मला नेहमी वैषम्य वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी भजने, जलालपूरला जन्मलेल्या आणि नाशकातच अखेरचा श्वास घेतलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे लेखन, नाताळच्या ताटातील करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या, हे सारे पाहिल्यावर नाताळ हा परका सण म्हणण्याचे धाडस होऊ नये.

या परंपरेत नाताळबाबा येतो तो दारातून, पायी. डिसेंबरच्या रात्री तरुण मंडळी पेटी, ढोलकी किंवा गिटार घेऊन घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरतात, त्यांच्यात कोणीतरी कापसाची दाढी लावून, तांबडा झगा घालून पिशवी खांद्यावर घेतो, आणि यजमानाच्या ओट्यावर उभा राहून मुलांच्या हातावर गोळ्या ठेवतो. धुराड्याची वाट तर आपल्याकडे नाहीच: जुन्या वाड्यात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आणि छपरातल्या झरोक्यातून निघून जाई. आजच्या स्वयंपाकघरातील चिमणीची नळी इतकी अरुंद असते की तीतून नाताळबाबाचा हातही जाऊ नये. मग सिद्धता कोठे करावयाची? फाटकापासून उंबरठ्यापर्यंत. घराचा क्रमांक रात्री वाचता यावा, फाटकाची कडी बाहेरून सापडावी, दुचाकी वाटेत आडव्या नसाव्यात, कुत्रा बांधलेला असावा (गाणारी मंडळी याबाबतीत अनुभवाने शहाणी झालेली असतात), पायरीवरच्या गुळगुळीत फरशीवर पाणी किंवा रांगोळीचा कोरडा रंग पसरलेला नसावा, कारण दोन्हींवरून पाय सारखाच घसरतो, आणि अंगणात माळेची वायर पायात अडकेल अशी आडवी टाकलेली नसावी. या साऱ्याला खर्च जवळजवळ नाही. म्हणूनच बहुधा त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

तारा तेवढा उंच हवा, हे खरे, आणि तो टांगणे ही रीत योग्यच आहे. तो दिवाळीच्या आकाशकंदिलाची नक्कल होय, असे काही जण म्हणतात. पण ताऱ्याचा आधार थेट मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात आहे आणि कार्तिकातील आकाशदीपाची परंपरा स्वतंत्र आहे. एकाच कारागिराच्या हातून बांबूच्या कामट्यांवर दोन्ही बांधले जात असतील, तर त्यात नकलेचा प्रश्न येत नाही. मात्र तारा आढ्यावरच पाहिजे असे नाही. ओट्याच्या खांबाला, गॅलरीच्या कठड्याला किंवा अंगणातील झाडाला तो तितकाच शोभतो, आणि त्यासाठी कोणाला कौलांवर पाय ठेवावा लागत नाही.

कौलांविषयी एक घातक समज असा आहे की, पावसाळा संपून कौले सुकली म्हणजे ती चालण्यास निर्धोक झाली. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला, तेव्हापासून आपल्याकडे मंगळुरी कौल आले; दोन-अडीच किलो वजनाचे ते कौल रिपांवर नुसते टेकलेले असते, बहुधा खिळलेले नसते. पावसाळ्यातले शेवाळ सुकून त्याची पातळ साय राहते आणि डिसेंबरातील पहाटेच्या दवाने ती पुन्हा निसरडी होते. शाकारणीचा कारागीर पाय कोठे ठेवतो ते नीट पाहावे: कौलाच्या मध्यावर कधीच नाही, तर जेथे खाली रीप आणि वासा आहे तेथे, आणि तोही बहुतेक वेळा पाख्यावर शिडी आडवी घालून तिच्यावर भार देतो. ज्यास वासे कोठे आहेत हे खालून बोट दाखवून सांगता येत नाही, त्याने पाख्यावर चढू नये.

याहून भयंकर गैरसमज सिमेंटच्या पत्र्यांविषयी आहे. ते दिसायला लादीसारखे भक्कम दिसतात, परंतु पत्रा वाकत नाही, कुरकुरत नाही, पूर्वसूचना न देता एकदम फुटतो आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. जुना पत्रा उन्हापावसाने अधिकच ठिसूळ झालेला असतो. हुकांच्या बोल्टची सरळ रांग दिसते तेवढ्याच रेषेखाली आधार असतो, आणि त्या रेषेवरही फळी टाकल्याशिवाय जाऊ नये. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. सबब तारा टांगण्यासाठी त्यास भोके पाडून धूळ उडविण्याची हौस वर्ज्य समजावी. गच्ची असलेल्यांना ही भीती नाही. त्यांनी कठड्यावर उभे राहू नये, इतकेच.

शिडी लावताना ती जितकी उभी तितकी जागा कमी लागते, म्हणून गल्लीबोळांत ती जवळजवळ सरळ उभी केली जाते; नियम असा की, शिडी जेथे टेकते ती उंची चार फूट असेल तर पायथा भिंतीपासून एक फूट दूर असावा, आणि शिडीचे वरचे टोक वळचणीच्या वर तीनेक फूट निघावे. विजेच्या तारांखाली ॲल्युमिनियमची शिडी नेऊच नये. आपल्या विद्युत नियमांनुसार घरावरून जाणारी कमी दाबाची उघडी तार छपराच्या सर्वोच्च भागापासून २.५ मीटर वर आणि शेजारून जाणारी तार १.२ मीटर दूर असावी लागते. जुन्या नाशकातील अरुंद आळीत हे अंतर प्रत्यक्षात आहे की नाही, हे शिडी उचलण्यापूर्वी पाहावे.

माळांच्या बाबतीत सर्वांत रूढ समज हा की, एलईडी माळ वीज फार कमी खाते, म्हणून तिचा झटका बसला तरी जिवावर बेतत नाही. पाच वॅटची माळ २३० व्होल्टवर सुमारे २२ मिलिअँपिअर प्रवाह घेते, हे गणित खरे. पण आपल्या शरीरातून किती प्रवाह जाईल हे माळेच्या वॅटवर ठरत नाही, ते विजेचा दाब आणि त्वचेची ओल यांवर ठरते, आणि मनुष्याच्या काळजाला दहांच्या घरातले मिलिअँपिअरही पुरतात. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त माळा मधे ट्रान्सफॉर्मर न घालता थेट मुख्य पुरवठ्यास जोडलेल्या असतात, म्हणून प्लगजवळच्या उघड्या सांध्याला हात लागला तर माळेचा बारीक जीव पाहून वीज दयामाया करीत नाही. घरात एमसीबी आहे, तेव्हा चिंता नाही, हेही चुकीचे आहे: एमसीबी अति प्रवाहाने वायर तापू नये म्हणून असते, माणसाला वाचवते ती ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारी आरसीसीबी, जी अनेक जुन्या घरांत बसविलेलीच नसते. घराबाहेरची माळ १२ किंवा २४ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालणारी घ्यावी आणि ॲडॉप्टर घरात, कोरड्या जागी ठेवावे. काळ्या चिकटपट्टीचे दोन फेरे म्हणजे जलरोधक सांधा, हा समज दवाच्या पहिल्याच रात्री खोटा ठरतो. वायर प्लगकडे येण्यापूर्वी खाली झुकती सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळातूनच टपकेल, प्लगात शिरणार नाही. सार्वजनिक खांबावरून आकडा टाकून दिवे पेटविणे ही सणाची सवलत आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी विद्युत अधिनियम २००३ चे कलम १३५ वाचावे; त्यात वीजचोरीस तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

बर्फाचा देखावा करण्यासाठी छपरावर कापूस पसरणे हा प्रकार तर समजण्यापलीकडचा आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, हे मुलांनाही ठाऊक असते. आणि तापलेल्या दिव्याजवळचा कापूस भराभर पेट घेतो. थर्माकोलचे हिमकण टांगण्याचा विचार असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी त्याचा वापर बंद केला आहे, हे लक्षात ठेवावे.

राहिला उतरविण्याचा प्रश्न. सव्वीस तारखेस तारा उतरविलाच पाहिजे असे मानणाऱ्यांना नाताळचे पर्व सहा जानेवारीपर्यंत, म्हणजे ज्ञानी पुरुषांच्या आगमनाच्या सणापर्यंत चालते, हे ठाऊक नसते; आणि उलट टोकाला, माळा बाल येशूच्या फेब्रुवारीतील यात्रेपर्यंत तशाच लोंबत ठेवणारेही नाशिकरोडकडे आढळतात. याबाबत माझा कौल सहा जानेवारीच्या बाजूने आहे, आणि त्याला एक व्यावहारिक कारण आहे. चौदा जानेवारीच्या आसपास संक्रांतीचे पतंग सुरू होतात, येवल्यात तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या गजबजलेल्या असतात; तेव्हा वळचणीवर आडव्या सोडलेल्या वायरींत मांजा अडकतो, तो ओढण्यासाठी पोरे कौलांवर चढतात, आणि नायलॉनचा मांजा असेल तर तो वायरीचे आवरणही कापतो. म्हणून सहा तारखेला सकाळी, दव सुकल्यावर, आधी प्लग काढून आणि मग शिडी लावून माळा उतरवाव्यात, त्या गुंडाळताना सांधे तपासावेत आणि फाटलेल्या वायरीची माळ पुढल्या वर्षासाठी राखून ठेवू नये.