हात सहाचा, डिस्क बाराची!

फ्रिस्बीवरून डिस्क गोल्फकडे वळताय? मग पहिला ड्रायव्हर घेण्याआधी स्वतःच्या हाताचा स्पीड तपासा. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ठरलेला!

शाळू हुरड्यात आला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकदम जागे होतात. 'या शनिवारी धाराशिव?' सकाळी तुळजापूरला दर्शन, मग नळदुर्गचा पाणीमहाल, दुपारी कुणाच्या तरी शेतावर आगटीभोवती गरमागरम हुरडा. पोट भरलं की गाडीच्या डिकीतून हमखास बाहेर येते ती फ्रिस्बी. आणि हल्ली एखादा मित्र, बहुधा अमेरिकेतला प्रोजेक्ट संपवून आलेला, बॅगेतून वेगळीच चकती काढतो. फ्रिस्बीपेक्षा लहान, काठ रुंद आणि धारदार. 'ही फेकून बघ, रॉकेट आहे!' तुम्ही जीव खाऊन फेकता. रॉकेट वीस-पंचवीस मीटर सरळ जातं, डावीकडे मान टाकतं आणि बांधावर आपटतं. सगळे हसतात. तुम्हाला वाटतं, आपल्या हातात दमच नाही.

दम असतो हो! फक्त डिस्क तुमच्या हाताची नसते.

आधी थोडं बेसिक

डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त काठी आणि चेंडूऐवजी चकती. साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये कमीत कमी फेकीत डिस्क टाकायची. अमेरिकेत एड हेड्रिक या गृहस्थांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा केला. पुढच्याच वर्षी खेळाची संघटना, पीडीजीए, सुरू झाली. हेड्रिकसाहेबांची खेळावरची भक्ती एवढी, की २००२ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख मिसळून डिस्क बनवण्यात आल्या! आज अमेरिका आणि फिनलंडमध्ये हा खेळ जाम पॉप्युलर आहे. बरेचसे कोर्स सार्वजनिक बागांमध्ये असतात आणि तिथे फुकट खेळता येतं. तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना त्याची चटक लागते ती त्यामुळेच.

धाराशिवला बास्केट शोधत बसू नका. त्याची गरजही नाही. सुरुवातीच्या काळात लोक झाडं आणि कचऱ्याचे डबे टार्गेट ठरवूनच खेळायचे. आपल्याकडे बाभळीचं खोड किंवा उपडी टोपली चालते.

डिस्कचे ढोबळ प्रकार तीन. जवळच्या फेकीला पटर, मधल्या अंतराला मिडरेंज आणि लांब फेकायला ड्रायव्हर. गोंधळ होतो तो ड्रायव्हर निवडताना.

गोफणीचा फंडा

बालाघाटच्या माळावर शाळवाची राखण करणाऱ्यांना हा गोंधळ कधीच पडला नसता. मचाणावर उभं राहून गोफण फिरवणारा माणूस सापडेल तो मोठ्यात मोठा धोंडा उचलत नाही. गोफणीत नीट बसेल आणि आपल्या हाताला झेपेल असा गुंडा तो निवडतो. गुंडा जड झाला तर गोफण हवा तसा वेगच घेत नाही आणि पाखरं निवांत दाणे टिपत बसतात.

ड्रायव्हरचंही तसंच, फक्त इथे वजनापेक्षा काठाची रुंदी महत्त्वाची. काठ जितका रुंद, तितकी डिस्क हवा कापत जास्त वेगाने जाऊ शकते. 'जाऊ शकते' हे नीट वाचा! तो वेग डिस्कमध्ये भरलेला नसतो. तो तुम्ही द्यायचा असतो.

चार आकड्यांची पत्रिका

बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. ही तिची पत्रिका समजा आणि आपल्या हाताशी जुळवून बघा.

पहिला आकडा स्पीड, साधारण १ ते १४. नीट उडण्यासाठी डिस्कला किती वेग लागतो, ते हा सांगतो. दुसरा ग्लाइड, म्हणजे हवेत तरंगत राहण्याची ताकद. तिसरा टर्न. फेक वेगात असताना डिस्क किती उजवीकडे वळेल, ते यावरून कळतं. आकडा जितका वजा, तितकं वळण जास्त. चौथा फेड, म्हणजे वेग कमी झाल्यावर शेवटी ती डावीकडे किती ओढली जाईल. (हे उजव्या हाताच्या बॅकहँडचं गणित. डावखुऱ्यांनी दिशा उलट करून वाचावी.)

उदाहरणच घेऊ. इनोव्हा कंपनीची 'लेपर्ड' आहे ६, ५, -२, १. त्याच कंपनीची 'डिस्ट्रॉयर' आहे १२, ५, -१, ३. दुकानात कुणाचाही हात डिस्ट्रॉयरकडे जाणार. नाव भारी, आकडा भारी! पण नवशिक्याच्या हातून बहुतेक वेळा लेपर्डच लांब जाते.

असं का? डिस्क स्वतःभोवती गरगर फिरत जाते, भोवऱ्यासारखी. वेग पुरेसा असला की हवेच्या दाबामुळे तिचा पुढचा काठ खाली झुकू पाहतो. पण ती फिरत असल्यामुळे तो झुकाव उजव्या बाजूला येतो आणि डिस्क उजवीकडे कलते. वेग मंदावला की नेमकं उलटं होतं आणि ती डावीकडे पडते. दोन्ही वळणं एकापाठोपाठ झाली की हवेत सुंदर लांबट 'एस' तयार होतो आणि अंतर मिळतं. बारा स्पीडच्या डिस्कला सहाचा हात मिळाला तर पहिलं वळण होतच नाही. हातातून सुटल्यापासूनच तिची घसरण सुरू होते. डिकीतल्या त्या रॉकेटचं रहस्य हेच.

एक सूचना. हे आकडे कंपन्या आपापल्या अंदाजाने देतात, पीडीजीए ते तपासत नाही. त्यामुळे एका कंपनीचा ९ आणि दुसऱ्या कंपनीचा ९ अगदी तंतोतंत सारखे असतीलच असं नाही.

आधी हात मोजा

रडार गनची गरज नाही, क्रिकेटचं पिच पुरे. पिच २०.१२ मीटरचं असतं. म्हणजे अडीच पिच झाली की ५० मीटर आणि पाच पिच झाली की १०० मीटर. सपाट जागा आणि वारा पडलेली सकाळ निवडा. एक मिडरेंज घ्या. डिस्क्राफ्टची 'बझ' (५, ४, -१, १) यासाठी मस्त. दहा वेळा फेका. सगळ्यात लांबच्या दोन आणि सगळ्यात जवळच्या दोन फेकी सोडून द्या, उरलेल्या सहांची सरासरी काढा. इन्स्टावर टाकायची ती एक फेक नव्हे, ही सरासरी म्हणजे तुमचा खरा हात!

आता ढोबळ हिशोब असा:

५० मीटरच्या आत: ड्रायव्हर सध्या नकोच. पटर आणि मिडरेंजवर महिना-दोन महिने काढा.

५० ते ७० मीटर: स्पीड ६ किंवा ७. लेपर्ड उत्तम. थोडी स्थिर डिस्क हवी असेल तर 'टीबर्ड' (७, ५, ०, २).

७० ते ८५ मीटर: स्पीड ८ किंवा ९, पण टर्न चांगला वजा असलेला. लॅटिट्यूड ६४ ची 'डायमंड' (८, ६, -३, १), इनोव्हाची 'साइडवाइंडर' (९, ५, -३, १) किंवा 'वाल्किरी' (९, ४, -२, २).

सातच्या स्पीडची डिस्क सपाट आणि सातत्याने १०० मीटर जायला लागली, की मग ११-१२ चा विचार करा.

पत्रिका जुळूनही डिस्क डावीकडेच पडतेय? मग मित्राला बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. डिस्कचं नाक वर करून सोडणं हा नवशिक्यांचा अगदी कॉमन दोष आहे. त्यानेही डिस्क उंच चढते आणि डावीकडे कोसळते. हा दोष नवी डिस्क घेऊन जात नाही.

वजन, प्लास्टिक आणि वारा

ड्रायव्हर साधारण १५० ते १७५ ग्रॅममध्ये मिळतात. वजनाची मर्यादा व्यासावर ठरते, दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम. म्हणजे २१.१ सेंटिमीटरची डिस्क जास्तीत जास्त १७५ ग्रॅमची. हात हळू असेल तर १५० ते १६० ग्रॅमची घ्या. हलक्या डिस्कला वेग देणं सोपं जातं.

मात्र हलकी डिस्क वाऱ्यात जास्त भरकटते आणि आपल्या माळावर वाऱ्याला काही कमी नाही. समोरून वारा आला की डिस्क जास्त उजवीकडे वळते, पाठीमागून आला की वळणं टाळते आणि लवकर खाली येते. म्हणून वाऱ्याच्या दिवशी केलेली चाचणी धरू नका.

प्लास्टिकमध्ये साधं आणि प्रीमियम असे दोन ढोबळ वर्ग. साधं स्वस्त, हातात छान बसतं, पण दगडा-मुरमावर आपटून लवकर झिजतं आणि मग डिस्क आणखी उजवीकडे वळायला लागते. प्रीमियम महाग, पण टिकाऊ. धाराशिवच्या मुरमाड जमिनीचा विचार केला तर रोजच्या ड्रायव्हरसाठी थोडे जास्त पैसे मोजणं परवडतं. परदेशातून मागवत असाल तर कुरिअर आणि कस्टम्सचा खर्च आधी बघा. येणाऱ्या मित्राच्या बॅगेत दोन डिस्क सहज मावतात!

वेग येतो कुठून?

'हाताचा स्पीड' म्हणतात खरं, पण तो एकट्या हातातून येत नाही. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. आसूड ओढावा तसा. दिवसभर खुर्चीत बसून कंबर आखडलेली आणि खांदे पुढे आलेले असताना बाराची डिस्क लांब न्यायची म्हटलं की आपण सगळा जोर खांद्यातून आणि कोपरातून काढतो. सोमवारी माउस धरताना कोपर ठणकायला लागतं ते म्हणूनच. हळू स्पीडची डिस्क जोर मागत नाही, टायमिंग मागते. शिवाय ती चूक लपवत नाही. तिरकी सोडली की लगेच तिरकी जाते. शिकण्यासाठी यापेक्षा चांगला कोच कोणता?

डेव्हिड विगिन्स ज्युनियरने २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात, पाठीमागून सुसाट वारा असताना ३३८ मीटरची फेक केली. ती बघून आपलंही मन चाळवतं. पण मोठमोठे खेळाडूही झाडांच्या चिंचोळ्या वाटेतून डिस्क काढायची असली की बॅगेतून सहा-सातचीच डिस्क काढतात. म्हणजे आज घेतलेली लेपर्ड उद्या फुकट जाणार नाही.

माळावर जाण्याआधी

• उभ्या शाळवाच्या शेजारी फेकू नका. डिस्क पिकात गेली की ती शोधताना ताटं मोडतात. नुकसान शेतकऱ्याचं! काढणी झालेलं किंवा पडीक रान निवडा आणि मालकाला विचारूनच उतरा.
• धसकटांच्या रानात सँडल नको, बूट घाला.
• ड्रायव्हर म्हणजे फ्रिस्बी नव्हे. धारदार काठाची पावणेदोनशे ग्रॅमची डिस्क लागली तर जखम होते. ती झेलू नका, समोर माणूस किंवा जनावर असेल तर थांबा.
• नळदुर्ग, परांड्याच्या किल्ल्यात डिस्क काढूच नका. त्या संरक्षित वास्तू आहेत.
• फेकण्याआधी दहा मिनिटं खांदे, कंबर आणि मनगटं मोकळी करा. कोपर किंवा खांदा दुखला तर त्या दिवशी बास.
• पहिल्या सेटला तीनच डिस्क: एक पटर (इनोव्हाची 'एव्हिअर' चालेल), एक मिडरेंज, एक सहा-सातचा ड्रायव्हर. रंग भडक घ्या. वाळलेल्या गवतात पिवळी डिस्क सापडत नाही, गुलाबी लांबूनही दिसते!