घरगुती जलतरण-तलावातील पाण्याचे रासायनिक संतुलन

घरगुती जलतरण-तलावाचे पाणी नितळ दिसले म्हणजे ते पोहण्यास निर्धोक आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः नितळपणा हा मुख्यत्वे गाळणीचा गुण होय. निर्जंतुकता ही क्लोरीनवर अवलंबून असते. सार्वजनिक तलावावर देखरेखीसाठी कर्मचारी असतो. घरच्या तलावाची जबाबदारी मात्र गृहस्थावर आणि त्याच्याजवळील चाचणीच्या लहानशा पेटीवर येऊन पडते. या पेटीतून मिळणाऱ्या आकड्यांचा परस्परसंबंध ध्यानात न घेतल्यास, आकडा समाधानकारक पण पाणी सदोष, अशी स्थिती उद्भवते.

क्लोरीनयुक्त कोणतेही चूर्ण वा द्रव पाण्यात मिसळले असता हायपोक्लोरस अम्ल तयार होते. त्याचा काही अंश विघटित होऊन हायपोक्लोराइट आयन निर्माण होतो. जंतूंचा नाश करण्याचे सामर्थ्य मुख्यतः अविघटित अम्लात असते. आयन त्या मानाने पुष्कळच दुर्बल होय. या दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. सामू ७.० असता सुमारे तीन-चतुर्थांश क्लोरीन अम्लरूपात असतो, ७.५ च्या आसपास निम्मा, तर ८.० ला केवळ एक-चतुर्थांश. चाचणीत मात्र दोन्ही रूपे 'मुक्त क्लोरीन' म्हणून एकत्रच मोजली जातात. म्हणूनच सामू ७.२ ते ७.८ या मर्यादेत राखण्याचा प्रघात आहे.

सामू स्थिर राखण्याचे कार्य बायकार्बोनेट आयन करतात. त्यांचे मान 'एकूण क्षारता' या संज्ञेने, कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात व्यक्त केले जाते. दर लिटरमागे ८० ते १२० मिलिग्रॅम हे मान सामान्यतः इष्ट समजतात. क्षारता फार कमी असल्यास थोड्याशा अम्लानेही सामू एकदम घसरतो. तथापि ती वाढवत नेणे हाही उपाय नव्हे. तलाव हवेला खुला असल्याने पाण्यातील अतिरिक्त कार्बन डायऑक्साइड निघून जातो व सामू हळूहळू चढतो. क्षारता जितकी अधिक, तितकी ही चढण्याची प्रवृत्ती बलवान. प्रमाणाची कल्पना येण्यासाठी ४०,००० लिटरचा तलाव घ्यावा. त्याची क्षारता ६० वरून ९० वर नेण्यास खाण्याचा सोडा सुमारे २ किलोग्रॅम लागतो.

पाणी व तलावाचा गिलावा यांच्या संबंधाचा विचार करताना विल्फ्रेड लँगलिअर यांनी १९३६ साली मांडलेला निर्देशांक उपयोगी पडतो. मुळात तो नळयोजनांसाठी होता. पाण्याचा प्रत्यक्ष सामू आणि त्याच पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटची संपृक्तता ज्या सामूला होईल तो सामू, यांतील वजाबाकी म्हणजे हा निर्देशांक. तो धन असल्यास पुटे धरतात. ऋण असल्यास पाणी सिमेंटच्या गिलाव्यातील चुना विरघळवू लागते. तापमान, कॅल्शियमजन्य कठीणपणा, क्षारता व विद्राव्य क्षार या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. दख्खनच्या बेसाल्टी खडकातील विहिरींचे पाणी पुष्कळदा कठीण असते. अशा पाण्याच्या तलावात कॅल्शियम हायपोक्लोराइट नित्य वापरल्यास कॅल्शियमची भर पडतच राहते. बाष्पीभवनाने ते आणखी संहत होते.

सर्वांत दुर्लक्षित घटक सायन्युरिक अम्ल हा होय. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी क्लोरीनचा झपाट्याने नाश होतो. सायन्युरिक अम्ल त्याच्याशी सैल बंध करून त्याचे रक्षण करते. परंतु या बंधामुळे प्रत्यक्ष हायपोक्लोरस अम्ल अत्यल्प उरते आणि जंतुनाशाचा वेग मंदावतो. बद्ध क्लोरीन सहज सुटा होत असल्याने चाचणी त्यालाही मुक्तच दाखविते. बाजारात मिळणाऱ्या ट्रायक्लोरच्या वड्या प्रत्येक १० भाग क्लोरीनबरोबर सुमारे ६ भाग सायन्युरिक अम्ल पाण्यात सोडतात. रोज लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन या वड्यांतून दिल्यास महिन्याभरात ३६ मिलिग्रॅम, तर तीन महिन्यांत शंभराहून अधिक सायन्युरिक अम्ल साचते. क्लोरीन खर्च होतो. हे अम्ल मात्र बहुतांशी मागेच राहते. काही पाणी काढून ताजे भरणे, हाच त्यावरील व्यवहार्य उपाय.

तलावाला येणारा उग्र वास क्लोरीन अधिक झाल्याचे लक्षण मानण्याची चूकही वारंवार होते. घाम व मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने बनतात. वास आणि डोळ्यांची जळजळ बहुधा त्यांच्यामुळे होते. अशा वेळी क्लोरीन कमी करणे म्हणजे दोष वाढविणे होय. संयुक्त क्लोरीनच्या सुमारे दसपट मुक्त क्लोरीन एकाच वेळी देऊन क्लोरामाइनांचे ऑक्सिडीकरण घडविणे हा रूढ उपाय आहे. तो चालू असता व मात्रा पूर्ववत होईपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नये.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे: प्रथम क्षारता, नंतर सामू, त्यानंतर कठीणपणा, प्रत्येक टप्प्यानंतर पाणी पुरेसे फिरवून पुन्हा मापन करावे. रसायने नेहमी पाण्यात घालावी, रसायनांवर पाणी ओतू नये. हायपोक्लोराइट आणि अम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. कॅल्शियम हायपोक्लोराइट व ट्रायक्लोर यांच्या मिश्रणाने आग वा स्फोट होऊ शकतो. त्यामुळे दोहोंसाठी एकच डबा किंवा एकच पळी वापरणेही धोक्याचे आहे.

सारांश, मुक्त क्लोरीनचा आकडा एकटा वाचता येत नाही. सामू आणि सायन्युरिक अम्ल यांच्या संदर्भातच त्याला अर्थ प्राप्त होतो. तलावात उतरणाऱ्या मुलांचे आरोग्य त्या आकड्यावर नव्हे, तर या तिहींच्या मेळावर अवलंबून असते.