पाहुण्याने वेळ घेऊन यावे

‘सफर’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो मूळचा अरबी याची आठवणही आपणांस होत नाही. त्याच अरबी शब्दाने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, स्वाहिली भाषेत, ‘सफारी’ हे रूप धारण केले. आणि तेथे त्याचा अर्थ प्रवास, एवढाच आहे. त्याला बंदूक चिकटविली ती गोऱ्या शिकाऱ्यांनी. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला तो त्यानंतर. एकेकाळी गोव्यातून माणसे नैरोबीस, झांझिबारला, दार-ए-सलामला जात ती पोटापाण्यासाठी. सरकारी कचेरीतील कारकुनी, शिवणकाम, स्वयंपाक करून ती गावी पैसे पाठवीत. आज त्याच गोव्यातील सुखवस्तू कुटुंबे त्या खंडात जातात ती सिंह पाहावयास. काळाचा हा फेरा आम्हांला सुखावणाराच वाटतो. मात्र या प्रवासाची आखणी ज्या घाईने होते ती पाहता त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दोन रात्री, तीन दिवस आणि ‘पाच मोठी जनावरे’ असा या प्रवासाचा साचा ठरून गेला आहे. सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा ही ती पाच. ही यादी निसर्गशास्त्रज्ञाने केलेली नाही. पायी शिकार करताना जी जनावरे सर्वांत धोक्याची, त्यांची ही शिकाऱ्यांची यादी आहे. बंदूक सुटली, परंतु यादी मात्र हातात राहिली! टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचेच उदाहरण घेऊ. १९५१ साली स्थापन झालेल्या आणि १९८१ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळजवळ चौपट. आरुशा शहरातून मोटारीने उद्यानाच्या मध्यभागी, सेरोनेराला पोहोचण्यास बहुतेक सारा दिवस लागतो आणि परतण्यास तितकाच. तीन दिवसांच्या सफरीत अरण्यासाठी उरतो तो एक दिवस. एवढ्यासाठी समुद्र ओलांडून जाण्यात काय हशील?

सेरेंगेटीचे खरे वैभव त्या यादीत मुळी नाहीच. ते आहे विल्डबीस्ट या हरणाच्या कुळातील, परंतु गाईच्या तोंडवळ्याच्या आणि घोड्याच्या शेपटीच्या ओबडधोबड प्राण्याच्या कळपांत. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, त्यांच्या संगतीने लाखो झेब्रे आणि गॅझेल वर्षभर पावसाच्या मागे फिरत असतात. जानेवारी ते मार्च या काळात ते दक्षिणेकडील आखूड गवताच्या मैदानावर असतात. तेथील माती ज्वालामुखीच्या राखेची आहे. तिच्यातील खनिजांनी गवत सकस होते आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना ते मानवते. फेब्रुवारीच्या सुमारास अवघ्या दोनतीन आठवड्यांत लाखो वासरे जन्मतात आणि काही मिनिटांतच पायांवर उभी राहून आईमागे धावू लागतात. मैदान सुकू लागले की कळप वायव्येस सरकतात, मे-जूनमध्ये ग्रुमेती नदीच्या परिसरात येतात आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात उत्तरेस मारा नदीच्या दोन्ही तीरांवर वावरतात. नोव्हेंबरच्या पावसाबरोबर परतीची वाट सुरू होते.

म्हणून सफरीचा पहिला प्रश्न ‘कोठे राहावे’ हा नसून ‘केव्हा जावे’ हा आहे. येथेच आमच्या पंचांगाची आणि अरण्याच्या पंचांगाची गाठ पडत नाही. आमच्या मुलांची मोठी सुट्टी येते ती मे महिन्यात. मार्च ते मे हा तेथील मोठ्या पावसाचा काळ. रस्ते चिखलात रुततात, कित्येक तंबूवस्त्या बंद असतात; दर उतरलेले असतात ते उगीच नव्हे. ऑगस्ट-सप्टेंबर हा नदी ओलांडण्याचा ऐन हंगाम. पण चवथीला घराची दारे लावून परदेशी जाणारा गोमंतकीय विरळाच! उरते ती नाताळची सुट्टी. तेव्हा कळप दक्षिणेच्या मैदानावर येऊ लागलेले असतात आणि रान हिरवे असते. पण गर्दी आणि दर दोन्ही वाढलेले असतात. दिवाळीला जाणाऱ्यास कळप परतीच्या वाटेवर भेटण्याचा संभव असतो. कळप नसले तरी सेरोनेराच्या परिसरात सिंह आणि बिबळे बारमाही असतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न दिवसांचा. आमच्या मते सात दिवसांहून कमी वेळ असेल तर हा बेत पुढे ढकलणेच इष्ट. पहिला दिवस आरुशात विश्रांतीचा. एक दिवस तारांगिरेत, गोरखचिंचेच्या विशाल वृक्षांत आणि हत्तींत. एक दिवस न्गोरोंगोरोच्या खचलेल्या ज्वालामुखीत. त्याचा तळ सुमारे २६० चौरस किलोमीटरचा आणि कडे सहाशे मीटर उंचीचे आहेत. त्यानंतर निदान तीन रात्री सेरेंगेटीत, त्याही शक्यतो एकाच ठिकाणी. रोज मुक्काम हलविणारा प्रवासी अरण्यापेक्षा रस्ताच अधिक पाहतो. सिंह दिवसातील बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याची जाग पाहावयाची तर पहाटे गारव्यात निघावे, दुपारी विसावा घ्यावा आणि उन्हे कलताना पुन्हा बाहेर पडावे. अंधारात उद्यानात गाडी हाकण्यास मनाई आहे.

व्यवहाराच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. उद्यानाचे प्रवेशशुल्क दिवसाच्या हिशेबाने आकारले जाते आणि परदेशी माणसास ते बरेच जड असते. निवास, वाहन आणि वाटाड्या यांचा खर्च निराळा. तेव्हा दर विचारताना त्यात काय काय आले, हे लेखी घ्यावे. टांझानियाहून परतणाऱ्यास भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो की नाही, हे आधी विचारून घ्यावे. लागत असल्यास लस प्रवासापूर्वी निदान दहा दिवस टोचून घ्यावी आणि हिवतापाविषयी वैद्याचा सल्ला घ्यावा. छोट्या विमानाने जावयाचे तर सामान साधारणतः पंधरा किलोपर्यंतच, तेही मऊ पिशवीत. निळे आणि काळे कपडे घरी ठेवावेत, कारण त्सेत्से माशी त्या रंगांकडे धावते. प्लास्टिकच्या पिशव्यांना त्या देशात २०१९ पासून बंदी आहे. याबाबतीत आपण त्यांच्याकडून शिकावे.

परंतु घाईविरुद्धचा आमचा आक्षेप केवळ प्रवाशाच्या सोयीचा नाही. मारा नदीच्या काठी कळप येतो, तासन्‌तास उभा राहतो, पाण्यातील सुसरींचा अंदाज घेतो आणि कधी तसाच माघारी वळतो. तो केव्हा उडी घेईल हे कोणी सांगू शकत नाही. ज्याच्या हाती एकच दिवस आहे त्याला हे थांबणे सोसत नाही. मग वाटाड्यावर गाडी पुढे घेण्याचा तगादा सुरू होतो. २०२५ च्या जुलैमध्ये पर्यटक गाड्यांतून खाली उतरून थेट काठावर उभे राहिल्याची आणि कळपाची वाट अडल्याची चित्रफीत जगभर पसरली, तेव्हा टांझानियाच्या उद्यान प्रशासनावर टीकेची झोड उठली. दोष प्रशासनाचा असेलही. पण त्या काठावर उभी असलेली माणसे प्रशासनाने धाडलेली नव्हती. ती तुमच्याआमच्यासारखीच पैसे मोजून आलेली होती.

पैसे मोजल्याने अरण्य आपले ऋणी होत नाही. उलट आपणच कोणाचे ऋणी आहोत याचा विचार तेथे जाणाऱ्याने करावा. १८९० च्या दशकात बुळकांडी रोगाने पूर्व आफ्रिकेतील गुरांचा संहार केला. मसाई पशुपालक देशोधडीला लागले आणि रानातले विल्डबीस्टही त्या रोगाला बळी पडत राहिले. पुढे गुरांना लस टोचण्यात आली तेव्हा रानातूनही तो रोग हटला. १९६१ च्या सुमारास अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांवर गेले. आज जो देखावा पाहण्यास जग लोटते तो असा गोठ्यातल्या गुरांच्या आरोग्याशी जोडलेला आहे. आणि ती गुरे ज्यांची, त्या मसाईंना १९५९ साली सेरेंगेटी सोडावी लागली. शेजारच्या न्गोरोंगोरोत राहण्याची मुभा त्यांना मिळाली. तेथूनही त्यांना हलविण्याच्या धोरणाविरुद्ध २०२४ च्या ऑगस्टमध्ये हजारो मसाई रस्त्यावर उतरले. सफारीच्या गाड्या जातात तोच तो रस्ता!

हा प्रश्न गोमंतकीयांस परका नाही. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतील गोळावली येथे, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. गाय गमावलेल्या गोपालकाचे दुःख आणि वाघिणीचे मरण या दोहोंचा हिशेब एकाच वहीत मांडल्याशिवाय अरण्य राखता येत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित करण्याचा आदेश दिला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्यांना आफ्रिकेतील सिंहाची ओढ आहे त्यांना सत्तरीतील वाघाविषयी आणि वाघाशेजारच्या धनगराविषयी काहीच वाटू नये, हे आम्हांस विचित्र वाटते.

म्हणून आफ्रिकेस जाऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. अवश्य जावे, मुलांना न्यावे. पण स्थानिक वाटाडे आणि स्थानिक माणसे ज्यांत पोटाला लागली आहेत अशीच वस्ती निवडावी, वाटाड्याला ‘आम्हांला घाई नाही’ असे पहिल्याच सकाळी सांगावे, आणि यादी घरी ठेवावी. कदाचित बिबळ्या दिसणार नाही. कदाचित कळप काठावरून माघारी वळेल. तरीही सायंकाळी परतताना मन भरलेले असेल, तर ती सफर साधली असे समजावे. आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याची वेळ पाहत नाही. दुसऱ्याच्या घरी जाताना मात्र त्या घराची वेळ पाहून जावे, अशीच आमची जुनी रीत आहे. ती रीत समुद्रापलीकडेही तितकीच लागू आहे.